फ्रेम दर आणि चित्रगुणवत्ता यांचा समतोल

फ्रेम दर आणि चित्रगुणवत्ता यांचा समतोल म्हणजे व्हिडिओ गेम चालवणाऱ्या यंत्राची मर्यादित गणनक्षमता हालचालीची सलगता आणि दृश्यातील तपशील या दोहोंत वाटून देणे होय. एका सेकंदात पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येस फ्रेम दर म्हणतात. चित्रगुणवत्तेत रिझोल्यूशन, सावल्या, प्रकाशाचे परावर्तन, पृष्ठभागांचा पोत आणि दृष्टिक्षेपाचे अंतर यांचा समावेश होतो. एकाच यंत्रावर यांपैकी एक बाजू वाढवली की सामान्यतः दुसरीत कपात करावी लागते.

वेळेचे गणित

प्रत्येक फ्रेमसाठी मिळणारा अवधी फ्रेम दराच्या व्यस्त प्रमाणात असतो. सेकंदाला ३० फ्रेम दाखवायच्या असल्यास एका फ्रेमसाठी सुमारे ३३.३ मिलिसेकंद, ६० फ्रेमसाठी १६.७ आणि १२० फ्रेमसाठी ८.३ मिलिसेकंद मिळतात. मुख्य प्रोसेसर खेळाडूच्या आज्ञा, पात्रांच्या हालचाली आणि वस्तूंच्या टकरी यांचे गणित करतो, तर ग्राफिक्स प्रोसेसर चित्र रेखाटतो. या दोहोंपैकी जो संथ असेल त्यावरून अंतिम फ्रेम दर ठरतो. म्हणूनच मुख्य प्रोसेसर अपुरा पडत असताना रिझोल्यूशन कमी करून फारसा लाभ होत नाही.

१९२०×१०८० रिझोल्यूशनमध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, तर ३८४०×२१६० मध्ये ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. त्यामुळे ग्राफिक्स प्रोसेसरवरील भार रिझोल्यूशनसोबत झपाट्याने वाढतो. पोतांचा दर्जा मात्र मुख्यतः ग्राफिक्स मेमरीवर अवलंबून असतो. मेमरी पुरेशी असल्यास तो वाढवूनही फ्रेम दर फारसा घटत नाही.

सरासरी फ्रेम दर हा पुरेसा निकष नाही. एका सेकंदात ५४ फ्रेम प्रत्येकी १६.७ मिलिसेकंदांत आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंदांत तयार झाली, तर सरासरी ५५ भरते. तरीही खेळाडूला मध्येच झटका जाणवतो. यामुळे चाचण्यांमध्ये सरासरीबरोबरच सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेगही नोंदवला जातो.

इतिहास

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात पडद्यावर अनेक शत्रू असताना प्रोसेसर मंदावत असे आणि शत्रू कमी झाले की त्यांचा वेग वाढत असे. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ही मर्यादा दूर न करता खेळाचा भाग म्हणून ठेवली. त्रिमितीय खेळांच्या आरंभकाळात कमी फ्रेम दर सर्रास स्वीकारला जाई; १९९८ चा 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' सेकंदाला २० फ्रेमने चालत असे.

खेळाचे नियम फ्रेमच्या संख्येशी जोडल्यास दर बदलताच खेळही बदलतो. २०१४ च्या 'डार्क सोल्स २' च्या संगणक आवृत्तीत ६० फ्रेमवर शस्त्रे ३० फ्रेमच्या तुलनेत दुप्पट वेगाने झिजत. हा दोष पुढे दुरुस्त करण्यात आला.

२००९ मध्ये इन्सोम्नियाक गेम्स या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की, अधिक फ्रेम दराचा विक्रीवर वा समीक्षेवर लक्षणीय परिणाम होत नसल्याने यापुढे ६० फ्रेमचा आग्रह धरला जाणार नाही. त्याच कंपनीने २०२० मधील 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस' मध्ये अधिक तपशिलासह ३० फ्रेम किंवा कमी तपशिलासह ६० फ्रेम, अशी निवड खेळाडूवर सोपवली. पुढे २०२१ च्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' मध्ये १२० हर्ट्झच्या पडद्यांसाठी ४० फ्रेमचा पर्याय देण्यात आला. ४० फ्रेमचा २५ मिलिसेकंदांचा अवधी ३३.३ आणि १६.७ यांच्या बरोबर मध्यावर येतो आणि १२० ला ४० ने निःशेष भाग जात असल्याने चित्र सम अंतराने बदलते.

समतोल बिघडल्यास त्याचे व्यावसायिक परिणामही होतात. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' जुन्या कन्सोलवर अडखळत चालत असल्याच्या व अन्य दोषांच्या तक्रारींनंतर सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला.

तंत्रे

दूरच्या वस्तूंसाठी साधे नमुने वापरणे हा जुना उपाय आहे. 'वाइपआउट एचडी' (२००८) या खेळात भार वाढताच रिझोल्यूशन तात्पुरते कमी करून ६० फ्रेमचा वेग राखला जाई. एनव्हिडियाचे डीएलएसएस (२०१८) आणि एएमडीचे एफएसआर (२०२१) ही तंत्रे कमी रिझोल्यूशनमध्ये रेखाटलेले चित्र मोठे करून त्यातील तपशील पुन्हा उभा करतात. २०२२ पासून डीएलएसएसमध्ये दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याची सोय आली. तिच्यामुळे हालचाल सलग दिसते. पण कृत्रिम फ्रेम खेळाडूच्या नव्या आज्ञेवर आधारलेली नसल्याने प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही.

निवडीचे निकष

योग्य समतोल खेळाच्या प्रकारानुसार बदलतो. स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत प्रतिस्पर्धी क्षणभर आधी दिसणे निर्णायक ठरू शकते, म्हणून अनेक खेळाडू सावल्या व दृश्यपरिणाम मुद्दाम कमी ठेवतात. मुष्टियुद्धासारख्या द्वंद्व-खेळांत प्रत्येक डावाचा कालावधी सहसा एक-साठांश सेकंदाच्या फ्रेममध्येच मोजला जातो. पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांत मात्र ३० फ्रेमही पुरतात. मोबाइलवर उष्णता आणि बॅटरी यांचा विचार करावा लागतो: यंत्र तापले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, त्यामुळे काही मिनिटेच टिकणाऱ्या उच्च दरापेक्षा मर्यादित पण स्थिर दर अधिक उपयुक्त ठरतो.