मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे वितरण आणि भाषेची निवड

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासात परवान्यांची चर्चा विपुल आढळते. वितरणाचा विचार त्या मानाने अल्प होतो. वस्तुतः परवान्याने दिलेले स्वातंत्र्य वितरणाच्या वाटेनेच लोकांपर्यंत पोहोचते. ती वाट सुलभ होत गेली, याचा अर्थ असा की पूर्वी जे निर्णय घेणाऱ्यास करावे लागत, ते देणारा करू लागला. त्या निर्णयांपैकी एक भाषेचा होय.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये ‘ईमॅक्स’ हे सॉफ्टवेअर चुंबकीय फितीवर 150 डॉलर घेऊन पाठविण्यास आरंभ केला. ज्यांना नेटवर्क उपलब्ध होते, ते एफटीपीच्या मार्गाने तेच विनामूल्य उतरवून घेत. 1991 मध्ये लिनक्स फिनलंडमधील अशाच एका भांडारात ठेवले गेले. तेथून नेणाऱ्यास फाइलचे नाव, आवृत्ती आणि स्रोतापासून चालते सॉफ्टवेअर सिद्ध करण्याची रीत, हे सर्व ठाऊक असणे आवश्यक होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले. परंतु 56 किलोबिटांच्या मोडेमवरून 650 मेगाबाइटांची तबकडी उतरविण्यास, वेग पूर्ण मिळाला तरी, एका दिवसाहून अधिक काळ लागे. त्यामुळे टपाल हेच जलद साधन ठरले. केंद्र सरकारने 2005 च्या एप्रिलमध्ये तमिळ व जूनमध्ये हिंदी सॉफ्टवेअरच्या तबकड्या प्रकाशित केल्या. उबुंटूच्या विनामूल्य तबकड्याही 2011 पर्यंत घरपोच येत असत. मागणी करतानाच भाषा सांगावयाची असल्याने, तमिळ वा हिंदी तबकडी मागविणाऱ्याची निवड उघड व हेतुपुरस्सर होती.

पुढे वेग वाढला आणि तबकडीची जागा एका बटणाने घेतली. 17 जून 2008 पासूनच्या 24 तासांत फायरफॉक्स 3 च्या 80,02,530 प्रती उतरविल्या गेल्या. आता संगणकाची कार्यप्रणाली कोणती, हे संकेतस्थळ स्वतःच ओळखते. भाषाही ते ब्राउझरने पाठविलेल्या खुणेवरून ठरवू शकते. 1997 च्या एचटीटीपी 1.1 या विनिर्देशात अशा खुणेची तरतूद आहे.

येथेच प्रश्न उद्भवतो. ही खूण यंत्राच्या मांडणीची असते, माणसाच्या भाषेची नव्हे. यवतमाळच्या विद्यार्थ्याचा संगणक इंग्रजीत मांडलेला असेल, तर मराठी आवृत्ती सिद्ध असूनही त्याच्या हाती इंग्रजीच पडते. दुसरी आहे, हे त्यास कळतही नाही. केळापूर व झरी जामणी तालुक्यांतील कोलामांच्या पोडांवर हा प्रश्न आणखी गहन होतो. कोलामी ही द्राविडी भाषा. एमेनो यांनी 1955 मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. 2007 च्या आयएसओ 639-3 या मानकात तिला तीन अक्षरी संकेतही मिळाला. तथापि संकेत म्हणजे अनुवाद नव्हे. आणि अनुवाद झाला तरी, ज्या यंत्रास कोलामी हा पर्यायच ठाऊक नाही, ते तिची खूण कोठून पाठविणार?

यास्तव सुलभता केवळ बटणाच्या आकारावर किंवा संख्येवर मोजता येत नाही. स्वयंचलित निवडीच्या शेजारी प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत दिसले पाहिजे. फायरफॉक्सने सर्व भाषांची अशी स्वतंत्र यादी ठेवली आहे. मात्र ती पहिल्याच पानावर, बटणाच्या निकट असावी. अन्यथा जी निवड टपालाच्या काळात उघड होती, ती वेगाच्या काळात अदृश्य होईल.