गुप्तहेरांचा ॲडमिरल

मागच्या भागात आपण 'एमडेन'बद्दल बोललो. तीच ती जर्मन युद्धनौका, जिने 1914च्या सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या. आज तिच्या बहिणीची, म्हणजे 'ड्रेस्डेन'ची गोष्ट. खरं तर तिच्यावरच्या एका बुटक्या, शांत अधिकाऱ्याची. नाव व्हिल्हेम कानारिस.

डिसेंबर 1914. फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिशांनी जर्मन ताफ्यातल्या चार युद्धनौका बुडवल्या. निसटली ती एकटी ड्रेस्डेन. मार्च 1915 मध्ये चिलीच्या एका बेटाजवळ तीही कोंडीत सापडली. ब्रिटिशांशी बोलायला पाठवलं कोणाला? कानारिसला. तो बोलत बसला, आणि तेवढ्यात इकडे खलाशांनी आपली नौका स्वतःच बुडवायची तयारी केली. नौका बुडाली, माणसं चिलीत नजरकैदेत. कानारिस मात्र ऑगस्टमध्ये पळाला! अस्खलित स्पॅनिश, खिशात चिलीचा पासपोर्ट, त्यावर 'रीड रोसास' हे नाव. अँडीज ओलांडून जहाजाने निघाला, आणि ते जहाज थांबलं कुठे, तर थेट इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात. शत्रूच्या दारातून हा गडी सहीसलामत घरी पोचला. हेरगिरीचं खरं प्रशिक्षण हेच असावं, असं मला वाटतं.

पुढे स्पेनमध्ये हेरगिरी, मग पाणबुडीचं कप्तानपद. आणि 1 जानेवारी 1935 ला, बरोब्बर अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवशी, तो 'आबवेर'चा, म्हणजे जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख झाला.

आता जरा थांबा. त्याला लगेच हिरो करू नका. सुरुवातीला हा माणूस हिटलरवर खूश होता. त्याचं खातं हिटलरच्या युद्धासाठीच राबत होतं. पण सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडमध्ये काय चाललंय ते त्याला कळलं. सरदार, पाद्री, शिकलेली माणसं, सगळ्यांना संपवायचा बेत. तो थेट हिटलरच्या आगगाडीत जाऊन लष्करप्रमुख कायटेलला म्हणाला, याचा दोष जग सैन्याच्याच माथी मारेल. उत्तर मिळालं, निर्णय झालेला आहे. त्यावर तो ना ओरडला, ना राजीनामा दिला. खुर्चीवर बसूनच राहिला. हिटलरविरुद्ध कट करणारा ओस्टर त्याच्याच हाताखाली होता, आणि कानारिस त्याला पाठीशी घालत राहिला. 1942 मध्ये याच खात्याने 14 जणांना, त्यातले बहुतेक ज्यू, 'आपले हेर' म्हणून स्वित्झर्लंडला पोचवलं. त्यांच्यासाठी पाठवलेल्या पैशांचा माग काढत गेस्टापो खात्याच्या दाराशी आली.

फेब्रुवारी 1944 मध्ये पद गेलं. जुलैत हिटलरवर बॉम्बहल्ला झाला, तो वाचला, आणि तीनच दिवसांत कानारिसला अटक झाली. नंतर त्याच्या डायरीची पानं सापडली. दुसऱ्यांची गुपितं सांभाळणाऱ्याने स्वतःचं मात्र लिहून ठेवलं होतं!

9 एप्रिल 1945 ला, फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत कानारिस आणि ओस्टर यांना एकाच पहाटे फाशी दिलं. दोन आठवड्यांनी, 23 तारखेला, अमेरिकन सैनिक त्या छावणीत पोचले.