उलट्या अक्षरांचा रस्ता

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली न्यूरेम्बर्गमध्ये छापून झाला. मधोमध सूर्य आणि भोवती ग्रहांची वर्तुळे ही त्यातली जगप्रसिद्ध आकृती लाकडाच्या ठोकळ्यावर हाताने कोरलेली होती. दिल्लीतल्या पूर्वीच्या लिटन रोडला पुढे कोपर्निकसचे नाव मिळाले. या कोपर्निकस मार्गाचे ठशांशी दुहेरी नाते आहे.

एक नाते कचेऱ्यांचे. बडोदा हाऊसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्यालय, जवळच पतियाळा हाऊसची न्यायालये, दूरदर्शन भवन आणि दिल्लीत कामासाठी येणाऱ्या मराठी माणसाच्या ओळखीचे जुने महाराष्ट्र सदन. आवक-जावक, खरी नक्कल, गोल शिक्का, तारखेचा शिक्का यांवाचून इथला कागद वर्षानुवर्षे पुढे सरकत नसे. दुसरे नाते मंडी हाऊसच्या टोकाला, रवींद्र भवनात. टागोरांच्या जन्मशताब्दीसाठी उभारलेली ही इमारत १९६१ सालची. वास्तुविशारद हबीब रहमान यांचा पहिला आराखडा नेहरूंना पसंत पडला नाही, तेव्हा त्यांनी तो नव्याने केला. इथे ललित कला अकादमी आहे, आणि कोरलेल्या ठशांची चित्रे तिच्या दालनांत मानाने लागतात.

कचेरीतल्या शिक्क्यातून कोरणारा हात फार लवकर निघून गेला. गुडइयरला पक्क्या रबराचे पेटंट १८४४ साली मिळाले आणि पुढच्या काही दशकांत रबरी शिक्का जगभर पसरला. शिक्केवाला छापखान्यातले खिळे जुळवी, त्यांचा साचा घेई, त्यावर कच्चे रबर ठेवून तापत्या प्रेसमध्ये दाबी आणि निघालेली पट्टी कातरून लाकडी मुठीला चिकटवी. कोरीव काम उरले ते लाखेवर उठवायच्या पितळी मोहरांपुरते. आता तर संगणक आणि लेझरवर काही मिनिटांत शिक्का तयार होतो. २००० च्या कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली, २०१५ च्या दुरुस्तीने कंपन्यांना सामायिक मोहरही ऐच्छिक झाली.

मग कोरणे टिकले कुठे? चित्रकारांकडे. आणि तेही जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमवर. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून बनणारा हा पदार्थ लाकडासारखा रेषांच्या दिशेने फाटत नाही, हत्यार वळेल तसा कापला जातो. टागोरांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठी नंदलाल बोस यांनी लिनोकट केले, आणि त्याच १९३० साली दांडीयात्रेतले काठी टेकत निघालेले गांधीजीही लिनोवरच कोरले. काळ्या पृष्ठभागावर मोजक्या पांढऱ्या रेषा, बस्स. मुंबईत अंधेरीला राहणाऱ्या चित्तप्रसाद यांनी कष्टकरी मुलांची चित्रे याच माध्यमात केली. दिल्लीत १९५८ ते १९६७ या काळात सोमनाथ होर यांनी मुद्राचित्रणाचा, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याच्या कलेचा, विभाग सांभाळला, आणि १९६८ साली जगमोहन चोपडा यांच्या पुढाकाराने ‘ग्रुप एट’ हा मुद्राचित्रकारांचा गट उभा राहिला. २०१८ साली अकादमीने मुद्राचित्रांची द्वैवार्षिकी भरवली तीही रवींद्र भवनातच.

सुटलेले कोरीव काम पुन्हा हाती घेतल्याचा एक सुंदर दाखला मराठी मुलखातलाच आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातला इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्याकडे एक तांबट ठसे कोरायला शिकला. नाना फडणविसांना गीता छापायची होती. मॅलेट पुणे सोडून गेला, १८०० साली नाना वारले, काम अर्धवट राहिले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला, पुन्हा कोरायला बसला आणि १८०५ साली गीता छापून झाली. उत्तम राजाश्रय होता म्हणून हे घडले, हे खरेच. पण पडलेले काम उचलायला हातही तयार असावा लागतो.

आज तेच काम पुन्हा सुरू करू पाहणाऱ्याला मोठे खोडरबर, एक व्ही-टूल (व्ही आकाराच्या टोकाचे कोरायचे हत्यार) आणि शाईचा पॅड एवढे पुरते. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने अक्षर काढून तो रबरावर पालथा घासला की उलटी प्रत आपोआप उतरते. वळण घेताना हात फिरवायचा नाही, रबर फिरवायचे. काठ आतून पोखरला तर दाबाने अक्षर बसते, म्हणून उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा. बऱ्याच काळाच्या खंडानंतर हत्यार बहुधा हवे त्यापेक्षा खोल जाते. हाताला दाबाचा अंदाज पुन्हा यायला वेळ लागतो. देवनागरीची कसोटी तर वेगळीच. शिरोरेषा वरच राहते, पण पहिली वेलांटी उजवीकडे जाऊन दुसरीसारखी दिसू लागते आणि डोळा फसतो. अशा वेळी जाणता कोरणारा अक्षर वाचत नाही. नुसता आकार पाहतो आणि शाईचा पहिला ठसा उठेपर्यंत वेलांटी ‘सुधारायला’ जात नाही.