नेताजींची पाणबुडी आणि मुंबईहून निघालेलं जहाज

आजचा भाग एका फोटोवरून सुचला. तो तुम्हीही पाहिला असणार, २३ जानेवारीला दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पाणबुडीच्या डेकवर जपानी खलाशी दाटीवाटीने बसलेत आणि पुढच्या रांगेत डावीकडे नेताजी सुभाषचंद्र बोस. मी स्वतः तो किती ग्रुपवर फॉरवर्ड केलाय, विचारू नका. पण ही पाणबुडी कोणती, तिने त्याआधी काय केलं होतं, हे शोधायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. यंदा आलं, आणि मग झोप उडाली.

पाणबुडीचं नाव आय-२९. जपानी नौदलाच्या बी-१ प्रकारातली, योकोसुकाला बांधलेली, फेब्रुवारी १९४२ मध्ये सेवेत आली. लांबी जवळपास १०९ मीटर. म्हणजे आपल्या लोकलचे पाच डबे एकामागे एक लावा, साधारण तेवढी! एवढं धूड कशाला? कारण जपानचा हिशोब पॅसिफिक महासागराचा होता. अमेरिकेचं आरमार चालून येणार, तेव्हा पाणबुड्यांनी हजारो मैल पुढे जाऊन त्याचा माग काढायचा. त्यामुळे ही बोट १६ नॉटच्या वेगाने १४,००० सागरी मैल जाऊ शकायची. पुढच्या तोंडाला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, पोटात १७ टॉर्पेडो, डेकवर १४ सेंटीमीटरची तोफ.

आणि विमान! हो, पाणबुडीवर विमान. टॉवरच्या पुढे पाणी आत न शिरणारा एक लांबुळका हँगर, त्यात घडी करून ठेवलेलं दोन माणसांचं छोटं विमान. पाण्यावर यायचं, विमान जोडायचं, कॅटापल्टवरून उडवायचं, ते परतून समुद्रावर उतरलं की क्रेनने उचलून घ्यायचं. आय-२९ च्या विमानाने मे १९४२ मध्ये थेट सिडनीवर टेहळणी केली होती. त्यानंतर साधारण आठवड्याने जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या.

या रचनेची किंमतही होती. मोठं शरीर बुडी मारायला वेळ घेतं. वर साडेतेवीस नॉट पळणारी ही बोट पाण्याखाली जेमतेम आठ नॉट जायची. शत्रूच्या युद्धनौकांनी घेरलं तर अवघड. एकटंदुकटं व्यापारी जहाज मात्र सहज सापडायचं.

आता मुंबईत येऊ. २० नोव्हेंबर १९४२ ला ब्रिटिश इंडिया कंपनीचं ‘तिलावा’ मुंबईहून मोंबासा, मापुतो, दरबानकडे निघालं. जहाजावर ९५८ माणसं. प्रवासी ७३२, बहुतेक भारतीय. आफ्रिकेत दुकान टाकलेले, नोकरीला असलेले, आणि नवऱ्याकडे किंवा वडिलांकडे निघालेली बायकामुलं. त्यातही गुजराती खूप. तळाशी दक्षिण आफ्रिकेसाठी चालवलेली ६० टन चांदी.

२३ तारखेला पहाट व्हायच्या आत, सेशल्सच्या ईशान्येला सुमारे १,५०० किलोमीटरवर पहिला टॉर्पेडो लागला. आय-२९ चा. लोक लाइफबोटींकडे धावले. अंधार, आरडाओरडा, काही बोटी उलटल्या. पण जहाज लगेच बुडालं नाही. ते तरंगतंय म्हटल्यावर काही जण परत वर चढले. आणि मग दुसरा टॉर्पेडो आला.

इथे मी वाचताना थांबलो होतो. परत चढलेले ते लोक डोळ्यांसमोरून जाईनात.

२८० माणसं गेली. बाकीचे दोन दिवस लाइफबोटींत आणि तराफ्यांवर तरंगत राहिले. मग ब्रिटिश क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ने बहुतेकांना उचललं आणि २७ नोव्हेंबरला परत मुंबईला आणलं. आठवड्यापूर्वी जिथून हात हलवत निघाले, तिथेच.

आणि पाचच महिन्यांनी, त्याच आय-२९ वर, कमांडर जुइची इझू हेच कप्तान असताना, नेताजी चढले. जर्मनीहून ते यू-१८० या पाणबुडीतून आले होते, सोबत हैदराबादचे आबिद हसन. मादागास्करच्या आग्नेयेला दोन पाणबुड्या भेटल्या, पण समुद्र इतका खवळलेला की जवळ येणंच अशक्य. शेवटी २८ एप्रिलला दोर टाकून, रबरी तराफ्यावरून, चिंब भिजत दोघं पलीकडे गेले. उलट दिशेने दोन जपानी अधिकारी आणि बर्लिनच्या जपानी दूतावासासाठी दोन टन सोनं गेलं. बोटीवर असलेले कॅप्टन मसाओ तेराओका यांनी नेताजींना आपली केबिन दिली. आचाऱ्याने पेनांगहून भारतीय मसाले आणून ठेवले होते, पाहुण्यांना झणझणीत जेवण मिळालं. मे महिन्याच्या सुरुवातीला सुमात्राजवळच्या साबांगला ते उतरले. पुढचं आझाद हिंद सेनेचं तुम्हाला माहीतच आहे.

कुणी म्हणेल, नेताजींचं नाव यात कशाला ओढतोस? ओढत नाहीये. तो तराफ्यावरचा प्रसंग आजही वाचला की माझ्या अंगावर काटा येतो. पण शाळेत मला हा प्रसंग दोनदा शिकवला, आणि तिलावाचं नावसुद्धा कधी ऐकवलं नाही. गेटवेपासून चालत जाता येईल अशा बंदरातून ते जहाज निघालं होतं, हो!

आय-२९ चं पुढे काय झालं? नवा कप्तान ताकाकाझू किनाशी. याच माणसाने आधी आय-१९ वरून सहा टॉर्पेडोंच्या एका फैरीत अमेरिकेची विमानवाहू ‘वॉस्प’ बुडवली होती. मार्च १९४४ मध्ये तो आय-२९ घेऊन फ्रान्सच्या लोरियांला पोचला आणि जर्मन जेट आणि रॉकेट विमानांचे आराखडे, सुटे भाग घेऊन जुलैमध्ये सिंगापूरला परत. काही आराखडे घेऊन एक अधिकारी तिथून विमानाने जपानला गेला, बरं झालं त्याचं. कारण अमेरिकन लोक जपानी सांकेतिक संदेश वाचत होते. २६ जुलैला फिलिपिन्सच्या उत्तरेला बालिंतांग खाडीत ‘सॉफिश’ ही अमेरिकन पाणबुडी वाट बघत होती. चार टॉर्पेडो सोडले, तीन लागले. किनाशी आणि जवळजवळ सगळे गेले. एक खलाशी तेवढा पोहत किनाऱ्याला लागला.

तिलावाची चांदी मात्र २०१७ मध्ये वर आली. अडीच किलोमीटर खोलीतून २,३६४ विटा! त्या कुणाच्या यावर लंडनमध्ये खटला चालला आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. त्या निमित्ताने जहाजाचं नाव पुन्हा पेपरात आलं. त्याआधी, २०२२ मध्ये, ८० वर्षं झाली तेव्हा बॅलार्ड इस्टेटला मृतांच्या नातेवाइकांनी एकत्र येऊन त्यांची आठवण जागवली होती.

तुमच्या किंवा शेजारच्यांच्या घरात ‘आमचे आजोबा आफ्रिकेला जाताना जहाज बुडालं’ अशी काही गोष्ट असेल तर एकदा नीट विचारून बघा. १९४२ सालची असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.