नित्य प्रार्थना : आमच्या पूर्वजांचा ठेवा

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं मागील वर्षांचा आढावा घेण्याची चाल सर्वत्र आहे. मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली, किती बालकांस बाप्तिस्मा मिळाला, हें सर्व लिहून ठेवणें योग्यच आहे. परंतु या नोंदवह्यांच्या आधीं एक दीर्घ काळ होऊन गेला. त्या काळीं या डोंगराळ मुलुखांत ख्रिस्ती माणसें होतीं, पण मंदिर जवळ नव्हतें आणि धर्मगुरूचें दर्शन विरळा घडे. तरीहि श्रद्धेचा दीप विझला नाहीं. तो कशानें तेवत राहिला, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखांत करूं इच्छितों. कारण त्याच्या उत्तरावर आमच्या पुढील पिढीचें कल्याण अवलंबून आहे.

नित्य प्रार्थनेची परंपरा ख्रिस्ती धर्माइतकीच, किंबहुना तिच्याहूनहि जुनी आहे. दानिएल संदेष्टा परक्या राज्यांत, प्राणावर बेतलें असतांहि, दिवसांतून तीन वेळां यरुशलेमकडे तोंड करून गुडघे टेकीत असे. प्रेषित पेत्र व योहान प्रार्थनेच्या ठरलेल्या घटकेस मंदिरांत जात, असें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलें आहे. ‘दिदाखे’ या अति प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना दररोज तीनदां म्हणावी असा नियम घालून दिला आहे. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं आपल्या मठवासीयांसाठीं दिवसाचे व रात्रीचे प्रहर प्रार्थनेनें बांधून टाकले. पण शेतांत राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या भाविकांनीं दीडशें स्तोत्रें कशीं म्हणावीं? त्यांच्यासाठीं दीडशें ‘नमो मरिये’ची जपमाळ रूढ झाली. सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं घंटा वाजली कीं हातांतलें काम थांबवून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणावी, ही चालहि तशीच पडली. मठांतील नियम अशा रीतीनें गरिबाच्या झोंपडींत आला.

आतां आमच्या मुलुखाकडे वळूं. चंदगडचा प्रदेश सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे. खालीं कोंकण व गोमंतक, पूर्वेस बेळगांव. मध्यें दाट रान, अवघड घाट आणि मुसळधार पाऊस. सोळाव्या शतकापासून पुढें गोमंतकांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबें आपली भूमि सोडून बाहेर पडलीं. कोणास करांचा बोजा असह्य झाला, कोणास लढायांची झळ लागली, तर कोणी १५६० सालीं बसलेल्या व १८१२ सालीं बंद झालेल्या इन्क्विझिशनच्या धाकानें निघाले. कांहीं कानडा प्रांतांत गेलीं, कांहीं सावंतवाडीस राहिलीं आणि कांहीं घाट चढून बेळगांव, आजरें, चंदगड या बाजूंस स्थायिक झालीं.

येथें त्यांच्यासाठीं काय व्यवस्था होती? दिवाडी बेटावरील माथेव द कास्त्रु यांस १६३७ सालीं रोम येथें बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि आदिलशाही मुलुखाचे प्रेषितीय प्रतिनिधि म्हणून त्यांची नेमणूक झाली. डिचोली येथें राहून त्यांनीं कार्य आरंभिलें. परंतु एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत विखुरलेल्या मूठभर भाविकांपर्यंत मोजक्या धर्मगुरूंनीं किती वेळां पोहोंचावें? वर्षांतील बहुतेक दिवस घर हेंच मंदिर व घरांतील वडीलधारें माणूस हेंच प्रार्थनेचें पुढारी, अशी स्थिति असल्यास नवल नाहीं.

त्यांच्यापाशीं एक मोठी शिदोरी मात्र होती, आणि ती म्हणजे स्वतःच्या भाषेंतील प्रार्थना. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. कोंकणींतील त्यांची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्यांच्या निधनानंतर, १६२२ सालीं, प्रसिद्ध झाली. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें कोंकणी भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असें फर्मान काढलें. पण आईच्या मांडीवर पाठ झालेली प्रार्थना फर्मानानें पुसली जात नाहीं. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि खुरसापुढें शेजाऱ्यांनीं मिळून गायिलेलें लदीन, यांच्या योगानें ती मुखोद्गत राहिली. तेर्स संपल्यावर लहानांनीं वडिलांपुढें हात जोडून आशीर्वाद मागावा, ही रीत आमच्या वृद्ध मंडळींस चांगली ठाऊक आहे. प्रार्थना आणि घरांतील मानमर्यादा हीं दोन्हीं एकाच वेळीं, एकाच दिव्याच्या उजेडांत शिकविलीं जात.

धर्मगुरूवांचून नित्य प्रार्थना काय करूं शकते, याचें ठळक उदाहरण गोमंतकाच्याच एका सुपुत्राच्या चरित्रांत सांपडतें. संत जुझे वाझ यांचा जन्म १६५१ सालीं बाणावली येथें झाला. १६५८ सालीं डच लोकांनीं जाफना जिंकल्यावर लंकेंतील कॅथॉलिक धर्मगुरूंस हांकून देण्यांत आलें व उघड उपासनेस बंदी झाली. १६८७ सालीं वाझ मजुराच्या वेषांत तेथें उतरले. एवढ्या वर्षांनीं कोण कॅथॉलिक उरला आहे, हें कसें ओळखावें? त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली व भिक्षेच्या मिषानें ते दारोदार फिरूं लागले. जपमाळ पाहून ज्यांचे डोळे चमकले, तीं माणसें त्यांना सांपडलीं. ज्या घरांत ती विसरली गेली असती, त्या घरास ती खूण कळलीच नसती! १७११ सालीं कँडी येथें वाझ यांचा अंत झाला, तोंवर लंकेंतील चर्च पुन्हा उभें राहिलें होतें. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

याहून विस्मयकारक गोष्ट जपानची आहे. १६१४ सालीं तेथें ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी झाली. १६४४ नंतर तर एकहि धर्मगुरू उरला नाहीं. पुढें सुमारें सव्वादोनशें वर्षें गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं तोंडी प्रार्थना चालविल्या. एकानें सणांचें पंचांग सांभाळावें, दुसऱ्यानें बाप्तिस्मा द्यावा, अशी त्यांची वांटणी असे. १७ मार्च १८६५ रोजीं नागासाकीच्या नव्या चर्चमध्यें फादर पेतीजाँ यांच्यापुढें उराकामी गांवचे कांहीं लोक येऊन उभे राहिले. आमचें व तुमचें अंतःकरण एकच आहे असें त्यांनीं हळूच सांगितलें व पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारलें. ग्रंथ गेले, मंदिरें गेलीं, गुरू गेले. ठरलेल्या दिवशीं ठरलेली प्रार्थना म्हणण्याचा नेम तेवढा राहिला, आणि त्या नेमानें सर्व कांहीं राखलें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, रोज तेच शब्द म्हणण्यानें प्रार्थना यांत्रिक होते. मन भरून येईल तेव्हांच केलेली प्रार्थना खरी. पोकळ बडबड करूं नका असें प्रभूनें सांगितलें आहे, हें खरें. परंतु गेथशेमनीच्या बागेंत त्यानेंच त्याच शब्दांनीं पुन्हां प्रार्थना केली, असें संत मत्तय लिहितो. आणि शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाणें हा त्याचा परिपाठ होता, असें संत लूक लिहितो. प्रभूनें निषेध केला तो अंतःकरणावांचून केलेल्या शब्दांचा, परिपाठाचा नव्हे. आमच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडल्यावर मन प्रसन्न असेल तरच तरवा टाकीन, असें तो म्हणत नाहीं. अंग ठणकत असलें तरी वेळेवर चिखलणी होते व वेळेवर रोप लागतें, म्हणूनच सुगीचे दिवस येतात. उत्कट भक्ति ही परमेश्वराची देणगी आहे. ती पावसासारखी येते व जाते. नेम हा आपला नांगर आहे. शेत नांगरलेलें असेल तर आलेला पाऊस मुरतो. नसेल तर वाहून जातो.

आज काळ पालटला आहे. १९५६ पर्यंत चंदगड बेळगांव जिल्ह्यांत होतें, नंतर तें कोल्हापूर जिल्ह्यांत आलें. २००५ सालीं सिंधुदुर्गचा नवा धर्मप्रांत स्थापन झाला व कोल्हापूर जिल्हा त्यांत समाविष्ट झाला. मंदिर आहे, धर्मगुरू आहेत, मिस्साबलि आहे, आणि याबद्दल परमेश्वराचे उपकार मानावे तितके थोडे. परंतु या सुबत्तेंतच एक धोका लपला आहे. धर्माचें काम धर्मगुरू पाहतील, आपण रविवारीं हजर राहिलों म्हणजे झालें, अशी समजूत घरोघर मूळ धरूं लागली आहे. तरुण मंडळी मुंबई, पुणें, गोवा येथें नोकरीस जातात. घरीं उरलेल्यांची संध्याकाळ दूरदर्शन व मोबाइल यांनीं व्यापली आहे. पूर्वजांपाशीं मंदिर नव्हतें, पण घरांत प्रार्थना होती. आमच्यापाशीं मंदिर आहे. घरांत प्रार्थना नसेल तर जें संकटांनींहि गेलें नाहीं तें सुखांत जाईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं कुटुंबास ‘घरगुती चर्च’ म्हटलें, तें आमच्या पूर्वजांनीं आचरणांत केव्हांच उतरविलें होतें.

म्हणून या ज्युबिली वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एक लहानसा संकल्प करावा अशी आमची विनंति आहे. वेळ एकच ठरवावी व ती मोडूं नये. पूर्ण जपमाळ जमत नसेल तर एक दहाका म्हणावा, पण सर्वांनीं एकत्र बसून. आजीआजोबांस येणाऱ्या कोंकणी प्रार्थना मुलांनीं त्यांच्या तोंडून शिकाव्या. मुलांच्या मराठी प्रार्थनेस वडिलांनीं साथ द्यावी. परगांवीं असलेल्या मुलानें त्याच घटकेस, असेल तेथें, एक ‘नमो मरिये’ म्हणावी. वाटल्यास दूरध्वनीनें घरच्या प्रार्थनेंत सामील व्हावें. शेवटीं लहानांनीं वडिलांचा आशीर्वाद मागण्यास चुकूं नये.

असें झालें तर पुढील ज्युबिलीची स्मरणिका लिहिणारास केवळ इमारतींची व समारंभांची यादी द्यावी लागणार नाहीं. या डोंगरांत प्रार्थनेचा नेम एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे अखंड गेला, असेंहि त्यास लिहितां येईल. परमेश्वर आम्हां सर्वांस तेवढी निष्ठा देवो. आमेन.