ठरलेलं लग्न एका पत्राने मोडलं, पुढे १४ वर्षं राज्य चालवलं : बडोद्याच्या इंदिराराजे कूचबिहारच्या राणी कशा झाल्या?

भारतात शिफॉनची साडी लोकप्रिय करणारी राणी, हिरे-मोती जडवलेले बूट इटलीहून बनवून घेणारी राणी, जयपूरच्या गायत्रीदेवींची आई. इंदिराराजेंचं नाव निघालं की बहुतेक वेळा या तीनच गोष्टी सांगितल्या जातात. त्यांचे जुने फोटो सोशल मीडियावर फिरतात, तेव्हा खाली कॅप्शनही अशीच असते.

पण मराठी घरात जन्मलेल्या या बाईंनी १९२२ ते १९३६ अशी १४ वर्षं उत्तर बंगालमधल्या एका संस्थानाचा कारभार पाहिला. ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

बडोद्याच्या राजवाड्यातली मुलगी

इंदिराराजेंचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा. वडील महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे, आई महाराणी चिमणाबाई दुसऱ्या.

सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचे. शेतकरी घरातल्या या मुलाला १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि तो बडोद्याच्या गादीवर बसला. याच राजाने १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चिमणाबाईही मागे नव्हत्या. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या.

अशा घरातली ही मुलगी इंग्लंडमध्ये शिकली, बडोदा कॉलेजातही गेली. राजघराण्यातल्या मुली पडद्यात राहायच्या त्या काळात ही गोष्ट वेगळी होती. पण लग्नाचा विषय आला तेव्हा या सुधारक घरातही निर्णय आई-वडिलांनीच घेतला.

ग्वाल्हेरचं स्थळ आणि दिल्ली दरबार

इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी ठरलं. गायकवाड आणि शिंदे ही दोन्ही बलाढ्य मराठा घराणी, त्यामुळे राजकीयदृष्ट्या स्थळ उत्तम होतं. अडचण दोन गोष्टींची होती. माधवराव त्यांच्यापेक्षा १५ वर्षांनी मोठे होते आणि त्यांचं आधी एक लग्न झालेलं होतं. पहिल्या महाराणींना मूल नव्हतं, म्हणून हे दुसरं लग्न होणार होतं.

तयारी सुरू असतानाच डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत पाचव्या जॉर्जचा दरबार भरला. या दरबारात सयाजीरावांनी बादशहाला नीट मुजरा केला नाही, पाठ फिरवली, म्हणून मोठा गदारोळ झाला. तो किस्सा अनेकांना माहीत असतो. त्याच दिवसांत त्यांच्या घरात दुसरं वादळ तयार होत होतं.

दरबाराच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या राजघराण्यांमध्ये कूचबिहारचंही कुटुंब होतं. तिथल्या महाराजांचे धाकटे भाऊ जितेंद्र नारायण आणि इंदिराराजे यांची भेट झाली आणि दोघं प्रेमात पडले. इंदिराराजे तेव्हा १९ वर्षांच्या होत्या.

त्यांनी आई-वडिलांना न विचारता थेट माधवरावांनाच पत्र लिहिलं आणि आपल्याला हे लग्न करायचं नाही असं कळवून टाकलं. हा किस्सा पुढे गायत्रीदेवींनी आत्मचरित्रात सांगितला आहे. मुलीच्या पत्राचा अर्थ काय, असं विचारणारी माधवरावांची तार बडोद्याला आली, तेव्हा कुठे सयाजीराव आणि चिमणाबाईंना हा प्रकार समजला.

विरोध कशाला होता?

ठरलेलं लग्न मुलीने मोडणं हीच तेव्हा मोठी नामुष्की. त्यात निवडलेला मुलगाही घरच्यांना पसंत नव्हता. त्याची कारणं अशी होती :

– जात आणि प्रांत : बडोद्याचं घराणं मराठा, तर कूचबिहारचं कोच राजवंशातलं. भाषा, चालीरीती सगळंच वेगळं.

– धर्माचा पंथ : जितेंद्र यांची आई सुनीतीदेवी म्हणजे ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांची मुलगी. १८७८ मध्ये सुनीतीदेवींचं लग्न कमी वयात लावल्यावरून ब्राह्मो समाजात फूट पडली होती. या घराण्यावर ब्राह्मो विचारांचा प्रभाव होता.

– मान : बडोद्याला २१ तोफांची सलामी, तर कूचबिहारला १३. त्यातही जितेंद्र धाकटे, म्हणजे गादी त्यांच्याकडे येईलच असं नव्हतं.

– राहणी : कूचबिहारचे राजपुत्र पार्ट्या आणि मद्यपानासाठी ओळखले जायचे.

जवळपास दीड वर्ष घरचे नकार देत राहिले, पण इंदिराराजे मागे हटल्या नाहीत. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने लग्न झालं. आई-वडील लग्नाला आले नाहीत. त्याच वर्षी सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. जातीची भिंत ओलांडून गुणी तरुणाला मदत करणाऱ्या राजाला स्वतःच्या मुलीची निवड मात्र पचवायला जड गेली.

धाकट्या राजपुत्राची बायको महाराणी झाली

लग्नानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९१३ मध्ये, जितेंद्र यांचे मोठे भाऊ महाराजा राजराजेंद्र नारायण वारले. त्यांना मूल नसल्याने गादी जितेंद्र यांच्याकडे आली आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी झाल्या. पुढच्या काही वर्षांत त्यांना इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका अशी पाच मुलं झाली.

पण ज्या व्यसनाची भीती घरच्यांना वाटत होती त्यानेच घात केला. मद्यपानाने जितेंद्र यांची प्रकृती ढासळली आणि डिसेंबर १९२२ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. इंदिरादेवी वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. थोरला मुलगा जगद्दीपेंद्र नुकताच सात वर्षांचा झाला होता.

रीजंट म्हणजे नेमकं काय?

राजा अल्पवयीन असेल तर तो मोठा होईपर्यंत त्याच्या नावाने कारभार पाहणारी व्यक्ती म्हणजे रीजंट. गादी मुलाची, जबाबदारी पालकाची. मराठी इतिहासाला ही व्यवस्था नवी नाही. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी लहानग्या मुलाच्या नावाने स्वराज्याचा कारभार आणि मोगलांशी लढाई दोन्ही सांभाळलं होतं. १८२७ नंतर ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनीही दत्तक मुलाच्या नावाने राज्य चालवलं.

इंदिरादेवींची स्थिती ताराबाईंसारखी नव्हती, कारण वर इंग्रज होते. संस्थानं अंतर्गत कारभारापुरती मोकळी असायची. आजचा औसा, लातूर, नांदेड हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथेही हाच नियम होता. सारा, पोलीस, न्याय संस्थानाकडे, पण संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांकडे. राजा अल्पवयीन असला की इंग्रजांचं लक्ष आणखी वाढायचं. रीजंटला मान्यता देणं, कौन्सिलवर नजर ठेवणं आणि छोट्या राजाच्या शिक्षणात लक्ष घालणं, हे सगळं ते करायचे.

म्हणजे इंदिरादेवींकडे आलेली सत्ता मुदतीची होती आणि तिच्यावर पहारा होता. तरीही विधवेने कोपऱ्यात बसून दिवस काढावेत अशी अपेक्षा असणाऱ्या काळात एक तरुण विधवा उघडपणे राज्याचा कारभार पाहत होती.

कारभार कसा होता?

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. १४ वर्षं संस्थान टिकलं आणि मुलगा हॅरो आणि केंब्रिजमध्ये शिकून तयार झाला. १९३६ मध्ये त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. परक्या प्रांतातून आलेल्या सुनेने दिराच्या घराण्याची गादी सांभाळून मुलाच्या स्वाधीन केली, ही जमेची बाजू.

दुसरी बाजूही आहे. इंदिरादेवींचा बराच काळ इंग्लंड-युरोपात जायचा. तिथल्या पार्ट्या, शिकारी आणि खरेदी यांची चर्चा भारतातही व्हायची. फ्रान्समधून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली असं मानलं जातं. प्रसिद्ध इटालियन कारागीर साल्वातोरे फेरागामो त्यांचे बूट बनवायचा. हा पैसा शेवटी संस्थानाच्या रयतेच्या साऱ्यातूनच येत होता, हे विसरून चालत नाही.

आणखी एक योगायोग. ज्या ग्वाल्हेरला त्यांनी नकार दिला, तिथले माधवराव शिंदे १९२५ मध्ये वारले. त्यांचा मुलगा जिवाजीरावही तेव्हा लहानच होता आणि त्यालाही पूर्ण अधिकार १९३६ मध्येच मिळाले.

मुलीने आईलाच उत्तर दिलं

दुसरी बायको व्हायला नकार देणाऱ्या इंदिरादेवींची मुलगी गायत्री जयपूरचे महाराजा मानसिंह यांच्या प्रेमात पडली. मानसिंहांची आधीच दोन लग्नं झाली होती. इंदिरादेवींना हे मान्य नव्हतं, पण मुलगीही आईसारखीच ठाम निघाली. ९ मे १९४० रोजी गायत्रीदेवी मानसिंहांच्या तिसऱ्या महाराणी झाल्या. नवऱ्याला आधीची बायको असणं आईने नाकारलं, तर मुलीने ते समजून उमजून स्वीकारलं. निवड मात्र दोघींनी आपापली केली. पुढे १९६२ मध्ये गायत्रीदेवी जयपूरमधून १,९२,९०९ मतं मिळवून विक्रमी फरकाने लोकसभेवर निवडून आल्या.

राज्य गेलं, नाव राहिलं

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर वर्षभराने, १२ सप्टेंबर १९४९ रोजी, कूचबिहारचा कारभार भारत सरकारकडे आला. इथे पोलीस ॲक्शन झाली, तर तिथे जगद्दीपेंद्र यांनी करारावर सही केली. १ जानेवारी १९५० पासून कूचबिहार पश्चिम बंगालचा जिल्हा झाला. १९ वर्षांखालच्या मुलांची कूचबिहार ट्रॉफी क्रिकेटप्रेमींना माहीत असते, ती याच राजघराण्याने दिलेली.

इंदिरादेवींचं ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत निधन झालं. ज्या गादीचा कारभार त्यांनी १४ वर्षं पाहिला, ती त्यांच्या हयातीतच इतिहासजमा झाली होती. आज त्यांची आठवण साडी आणि बुटांवरून निघते. पण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका बलाढ्य महाराजाला स्वतःच्या हाताने नकार लिहून पाठवणं आणि तिसाव्या वर्षी पाच मुलांसह एक संस्थान अंगावर घेणं, या दोन गोष्टी त्या फोटोंमध्ये दिसत नाहीत.