यात्रेकरूची भाकर

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब स्पेनमधील सांतियागोच्या पदयात्रेस निघाले, तेव्हा मातेने मला हलक्या आवाजात विचारले, “फादर, मुलीला गहू चालत नाही. तेथे ती खाणार काय, आणि मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेणार कसा?” मुलीला सिलियाक हा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की अशा माणसाचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. जन्मभराचे पथ्य हाच त्यावर उपाय. घरी तांदळाच्या भाकरीवर निभावते. परक्या देशात शेकडो किलोमीटर चालताना काय करायचे? प्रश्न नवा वाटतो, पण भाकरीची चिंता त्या वाटेवर फार जुनी आहे.

आगाशीचे चर्च ज्या प्रेषित संत याकोबाच्या नावाने आहे, त्याचीच कबर नवव्या शतकात सांतियागो येथे सापडल्याचे मानले गेले आणि युरोपभरातून यात्रेकरू निघाले. बाराव्या शतकातील ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या ग्रंथात त्यांच्यासाठी वाटाड्या आहे. कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोठे भाकर चांगली मिळते, हे तो सांगतो. एस्तेया गावच्या भाकरीची तो प्रशंसा करतो. गालिसियात मात्र गव्हाची भाकर दुर्मिळ आणि रायची विपुल, असे बजावतो.

या रायनेच एक भयंकर व्याधी आणली होती. तिच्या कणसांवर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीमुळे हातपाय आगीत जळत असल्यासारखे होत, काळे पडत, प्रसंगी गळून जात. लोक तिला ‘संत अंतोनीचा अग्नी’ म्हणत. हे संत अंतोनी पादुआचे नव्हेत, इजिप्तच्या वाळवंटातील मठवासी. त्यांच्या नावाच्या संघाने बुर्गोसच्या पुढे, कास्त्रोहेरिस गावाजवळ, बाराव्या शतकात मठ आणि रुग्णालय उभारले. आज त्याचे भग्नावशेष आहेत, पण यात्रेची वाट अजूनही त्याच्या कमानीखालूनच जाते. दार बंद झाल्यावर पोहोचणाऱ्यांसाठी तेथील कोनाड्यांत अन्न ठेवीत. रोगाचे कारण त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. पण दूषित राय सुटून गव्हाची भाकर मिळू लागली की पुष्कळांना उतार पडे.

जी भाकर तेथे जीव वाचवीत होती, तीच सिलियाक रुग्णाला घातक, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. इतर लोक उपाशी असताना ही व्याधी असलेली मुले मात्र सुधारली. पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी आधीपासूनच संशय होता. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला.

आज त्या वाटेवर ‘सिन ग्लुतेन’ हे शब्द सर्वत्र समजतात. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघातील उपाहारगृहांना पदार्थात ग्लुटेनयुक्त धान्य असल्यास तसे सांगणे बंधनकारक आहे. गालिसियात उकडलेले ऑक्टोपस बटाट्यांसह मिळते. संत याकोबाचा क्रूस रेखलेला बदामाचा केक परंपरेने पिठावाचून बनतो. तरीही प्रत्येक ठिकाणी विचारावे. धर्मशाळेतील सामाईक स्वयंपाकघरात पावाचा चुराही बाधतो, म्हणून भांडे आधी स्वतः धुऊन घ्यावे.

राहिला वेदीचा प्रश्न. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच हवी; तांदळाची चालत नाही, आणि ग्लुटेन पूर्णपणे काढलेलीही नाही. परंतु अत्यल्प ग्लुटेनची ओस्ती ग्राह्य आहे, आणि तीही न सोसणाऱ्या प्रापंचिकास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. व्हॅटिकनने २००३ साली हे पुन्हा स्पष्ट केले आणि २०१७ साली त्याची आठवण करून दिली. ख्रिस्त प्रत्येक रूपात संपूर्णपणे उपस्थित असतो. म्हणून हे अर्धे दान नव्हे. मात्र मिस्सात धर्मगुरू ओस्तीचा एक तुकडा आपल्या कटोऱ्यात टाकतात. यास्तव अशा व्यक्तीसाठी वेगळा कटोरा ठेवण्याची विनंती मिस्सापूर्वीच करावी.

त्या मातेला मी हे सारे सांगितले. मग माझ्याच मनात प्रश्न उभा राहिला: ही मुलगी आमच्या चर्चमध्ये किती रविवार बाकावर बसून राहिली असेल, आणि मी विचारलेही नाही? संत अंतोनीच्या मठात कोनाड्यातील अन्न कोणी मागण्यापूर्वीच ठेवलेले असे. आता आमच्या वेदीवर दुसरा छोटा कटोरा असतो.